फिरस्ता खेळाडू

खेळांचा इतिहास लिहितांना लेखणी साहजिकच विजेत्यांकडे वळते. कोणी किती ढाली जिंकल्या, कोणत्या सालीं कोण अजिंक्य ठरला, याच्या याद्या होतात आणि त्यांसच इतिहास मानण्यांत येतें. परंतु ज्यानें एखादी विद्या उदरनिर्वाहाचें साधन म्हणून पत्करली, जिला ती प्रथम शिकला त्या आपल्या मुलखांत जागा मिळाली नाहीं, आणि तिच्याच बळावर जो देशोदेशीं हिंडून आपला संसार चालवीत राहिला, त्याची हकीकत क्वचितच कोणी लिहून ठेवतो. बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेंत जन्मास आला. त्या खेळांत अशा माणसांचा एक मोठा वर्ग गेल्या साठ-सत्तर वर्षांत निर्माण झाला आहे. मायदेशच्या श्रेष्ठ लीगमध्यें स्थान न मिळालेला, किंवा मिळून हातचें गेलेला हा खेळाडू आज इटलींत, उद्यां इस्रायलांत, परवां चीनमध्यें, असा फिरत असतो. त्यास आम्ही येथें फिरस्ता खेळाडू म्हणतों. परमुलखांत आपली विद्या विकावयास गेलेल्या माणसाला तेथील समाज कोणत्या नात्यानें वागवितो, हा प्रश्न या हकीकतीच्या मुळाशीं आहे. तें नातें तीन अवस्थांतून गेलेलें दिसतें. प्रथम तो पाहुणा होता, नंतर आश्रित झाला, आणि पुष्कळ काळानें कामगार म्हणून आपला हक्क सांगूं लागला.

खेळाचा जन्मच मुळीं एका स्थलांतरिताच्या हातून झाला. जेम्स नेस्मिथ हे कॅनडांत जन्मलेले. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय्. एम्. सी. ए. या ख्रिस्ती तरुणसंघाची शिक्षक तयार करणारी शाळा होती. तेथें ते शिकवीत असत. हिंवाळ्यांत विद्यार्थी घरांत कोंडले जातात आणि कवाइतीला कंटाळतात, म्हणून डिसेंबर १८९१ मध्यें त्यांनीं हा नवा खेळ रचला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर राहिली. ती उंची अद्याप बदललेली नाहीं. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, परंतु आमच्या विषयांत तिला मोठें महत्त्व आहे. वकिलाची सनद सरहद्दीपलीकडे चालत नाहीं, शिक्षकाला परभाषा आडवी येते, वैद्यास पुन्हा परीक्षा द्यावी लागते. या खेळाडूचा धंदा मात्र असा कीं, टोपली सर्वत्र दहा फुटांवर असल्यामुळें तो जेथें उतरेल तेथें दुसऱ्या दिवसापासून कामास लागूं शकतो. त्याच्या फिरतीचें हें पहिलें कारण होय.

खेळाचा प्रसार मात्र प्रथम पोटासाठीं झाला नाहीं, तो धर्मसंस्थेच्या सेवकांनीं केला. १८९३ सालीं पॅरिसमध्यें हा खेळ खेळला गेला. आमच्याकडेही तो याच वाटेनें आला. मद्रास येथें हॅरी बक यांनीं १९२० सालीं जें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, तें याच संघाचें. १९३२ सालीं जिनीव्हा येथें आठ राष्ट्रांनीं मिळून आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें खेळास प्रवेश मिळाला. या संघटनेनें आपल्या नांवांतच ‘हौशी’ हा शब्द घातला होता. खेळावें तें हौसेनें, पैशासाठीं नव्हे, असा त्याचा अर्थ. पुढें या एका शब्दानें किती लपंडाव घडविला तें आपण पाहूंच.

अमेरिकेंत धंदेवाईक खेळाची व्यवस्था १९४६ सालीं स्थिरावूं लागली आणि १९४९ सालीं दोन मंडळें एकत्र होऊन नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एन्. बी. ए., हें नांव रूढ झालें. १९५५ च्या सुमारास तिच्यांत अवघे आठ संघ उरले होते. एका संघांत दहा-बारा खेळाडू धरले, तरी साऱ्या देशांत शंभराहून कमी माणसांची भाकरी या धंद्यावर निघे. कृष्णवर्णीय खेळाडूंस तर या लीगचें दार १९५० सालापर्यंत बंदच होतें. उलट कॉलेजांतून दरवर्षीं शेंकडों कसलेले तरुण बाहेर पडत. आज लीगमध्यें तीस संघ आहेत आणि प्रत्येकाची मुख्य यादी पंधरा जणांची आहे. म्हणजे जागा साडेचारशेंच्या आसपास. पहिल्या प्रतीच्या स्पर्धेंत भाग घेणारीं कॉलेजें मात्र साडेतीनशेंहून अधिक आहेत. नव्या खेळाडूंची वांटणी ज्या वार्षिक निवडींत होते, तिच्या १९८९ पासून दोनच फेऱ्या असतात आणि तींत सुमारें साठ नांवें पुकारलीं जातात. हा हिशेब मांडला म्हणजे बाहेर राहिलेला प्रत्येक जण अपात्र होता असें कोणी म्हणणार नाहीं.

तिकडे युरोपांत नेमकी उलट स्थिति होती. १९५८ सालीं युरोपीय विजेत्यांचा चषक सुरू झाला आणि पहिलीं तिन्ही वर्षें रीगा येथील लष्करी संघानें तो जिंकला. सोव्हिएत संघांच्या उंच खेळाडूंपुढें टिकाव धरावयाचा तर आपणांसही तशीं माणसें पाहिजेत, हें पश्चिमेकडील क्लबांनीं ओळखलें. माद्रिदच्या रेआल क्लबानें १९६२ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील सिरॅक्यूजचा क्लिफर्ड लुइक हा तरुण आणला. तो तेथें सोळा वर्षें खेळला, स्पेनचा नागरिक झाला, त्या देशाच्या राष्ट्रीय संघांतून खेळला, आणि त्याच्या काळांत क्लबानें सहा वेळां युरोपीय चषक मिळविला. आल्यागेल्या पाहुण्यास घरानें आपलेंसें करावें, तसा हा प्रकार झाला.

पाहुणेपणाचें याहून लक्षणीय उदाहरण बिल ब्रॅडलीचें. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमधील हा सुवर्णपदकविजेता शिष्यवृत्ति मिळवून १९६५ सालीं ऑक्सफर्डला शिकावयास गेला आणि तेथून विमानानें जाऊन मिलानच्या सिमेंथाल संघाकडून युरोपीय चषकाचे सामने खेळूं लागला. १९६६ चा चषक मिलाननें जिंकला. पुढें ब्रॅडली मायदेशीं नामांकित खेळाडू झाला आणि १९७९ पासून अठरा वर्षें अमेरिकेच्या सिनेटचा सभासद होता. त्याला इटलीची गरज नव्हती, इटलीला त्याची होती. ज्याला परत जावयास घर आहे त्यालाच पाहुणा होणें परवडतें. फिरस्त्याचें तसें नसतें.

आमच्याकडे मल्लांस संस्थानिकांचा आश्रय असे. इटलींत बास्केटबॉलला कारखानदारांनीं आश्रय दिला. सिमेंथाल हें डबाबंद मांस विकणाऱ्या कंपनीचें नांव. व्हारेझे या आल्प्सच्या पायथ्याजवळील शहराचा संघ इग्निस या नांवानें खेळे, कारण जोव्हान्नी बोर्गी यांच्या इग्निस कारखान्यांत शीतपेट्या तयार होत. पुढें हाच संघ लांकडी सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या आणि त्यानंतर आणखी एका कंपनीच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. गांव तेंच, प्रेक्षक तेच, परंतु छातीवरील नांव पोशिंद्याप्रमाणें बदले. १९७० पासून १९७९ पर्यंत लागोपाठ दहा वर्षें हा संघ युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यास पोहोंचला आणि पांच वेळां विजयी झाला. लहानशा शहरास एवढी कीर्ति क्वचितच लाभते.

या कीर्तींत बॉब मोर्स या अमेरिकनाचा मोठा वांटा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतून तो १९७२ सालीं बाहेर पडला. बफेलोच्या संघानें निवडींत त्याचें नांव घेतलें होतें, परंतु तो गेला व्हारेझेला. तेथें तो नऊ वर्षें राहिला आणि तीन युरोपीय चषकांचा मानकरी झाला. त्याचा लांबून टाकलेला चेंडू सहसा चुकत नसे. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. खेळ सुटल्यावर त्यानें इटालियन भाषेचा अभ्यास केला आणि अमेरिकेंत परत जाऊन ती भाषा शिकविण्याचें काम पत्करलें. पोटासाठीं गेलेला मनुष्य केवळ पैका घेऊन परत येत नाहीं, एवढें यावरून दिसून येईल.

१९७६ हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें आहे. अमेरिकेंत १९६७ पासून चालू असलेली प्रतिस्पर्धी ए. बी. ए. लीग त्या वर्षीं बंद झाली. तिचे चार संघ मोठ्या लीगनें घेतले, बाकीचे मोडले. साहजिकच बरेच जाणते खेळाडू एकदम बेकार झाले आणि परदेशच्या वाटेस लागले. माइक डँटोनी हा त्यांतलाच. सेंट लुइसचा त्याचा संघ मोडल्यावर त्याला सॅन अँटोनिओकडून जेमतेम दोन सामने खेळावयास मिळाले. १९७७ सालीं तो मिलानला गेला आणि १९९० पर्यंत तेथेंच राहिला. १९८७ व १९८८ चे युरोपीय चषक त्याच्या संघानें जिंकले. पूर्वज इटालियन असल्यामुळें १९८९ सालीं तो इटलीच्या राष्ट्रीय संघांतूनही खेळला. याच गृहस्थानें पुढें प्रशिक्षक होऊन फीनिक्सच्या संघास झपाट्यानें चढाई करण्याचा जो खेळ शिकविला, त्यानें अमेरिकेंतील खेळाची चालच बदलली. मायदेशानें ज्याला दोन सामन्यांनंतर घरीं पाठविलें, त्याच्यापाशीं तो देश तीस वर्षांनीं शिकावयास बसला.

आश्रिताच्या हातून राष्ट्राचा मान कसा राखला जातो याचें उदाहरण तेल अवीव्हच्या मकाबी संघाचें. सोव्हिएत रशियानें १९६७ पासून इस्रायलाशीं राजकीय संबंध तोडले होते. त्यामुळें मॉस्कोच्या लष्करी संघाशीं व्हावयाचा सामना दोहोंपैकीं कोणत्याच देशांत होऊं शकला नाहीं. अखेर १७ फेब्रुवारी १९७७ रोजीं बेल्जममधील व्हिर्तों या लहान गांवीं तो खेळला गेला आणि मकाबीनें ९१–७९ असा जिंकला. संघाचा नायक ताल ब्रोडी हा न्यू जर्सींत जन्मलेला. तो इस्रायलांत कायम वास्तव्यास आला होता. आपण आतां जगाच्या नकाशावर आलों, अशा अर्थाचें त्याचें हिब्रू वाक्य पुढें त्या देशांत म्हणीसारखें झालें. त्याच्याबरोबर ऑल्सी पेरी हा न्यूअर्कचा उंचापुरा खेळाडू होता. न्यूयॉर्कच्या संघांत त्याला जागा मिळाली नव्हती. एप्रिलमध्यें बेलग्रेड येथें मकाबीनें व्हारेझेचा अवघ्या एका गुणानें पराभव करून चषक नेला, आणि पेरी साऱ्या देशाचा लाडका झाला. त्यानें यहुदी धर्मही स्वीकारला. परंतु पुढें तो मादक पदार्थांच्या नादीं लागला आणि त्यांच्याच व्यापाराच्या आरोपावरून १९८७ सालीं अमेरिकेंत दोषी ठरून तुरुंगांत गेला. लाडकेपणा हा आधार नव्हे. टाळ्या थांबल्यावर मागें काय उरतें, याचा विचार आश्रयदात्यास करावा लागत नाहीं. तो आश्रितालाच करावा लागतो.

आश्रिताच्या रोजच्या जिण्याची घडी नियमांनीं बसविली होती. इटलींत प्रथम एका आणि नंतर दोन परदेशी खेळाडूंसच संघांत घेण्याची परवानगी असे. याचा परिणाम दुहेरी झाला. जागा दोनच, म्हणून त्यांवर अपेक्षांचा सारा भार पडे. आणि संघ हरूं लागला कीं, देशी खेळाडू तसेच राहात, परदेशी मात्र बदलला जाई. करार बहुधा एका मोसमाचा. राहावयास घर आणि फिरावयास मोटार क्लबाची, पगार ठरल्याप्रमाणें आला तर आला, दुखापत झाली तर परतीचें तिकीट. दर उन्हाळ्यांत पुन्हा बाजार भरे, पुन्हा एजंटाचीं पत्रें, पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा नवें गांव. पगार थकला तर दाद कोठें मागावयाची? परक्या भाषेंतल्या परक्या न्यायालयांत वर्षानुवर्षें खेटे घालणें ज्याला परवडेल, असा फिरस्ता विरळाच.

या जिण्यांत बायकामुलांचें काय होतें? जो ब्रायंट हा मायदेशीं आठ वर्षें खेळलेला खेळाडू १९८४ सालीं पत्नी, दोन मुली आणि सहा वर्षांचा मुलगा यांस घेऊन इटलींत गेला. रिएती, रेज्जो कालाब्रिया, पिस्तोया, रेज्जो एमिलिया, अशीं सात वर्षांत चार गांवें झालीं. दर एक-दोन वर्षांनीं शाळा बदले, सोबती बदलत. मुलें मात्र अस्खलित इटालियन बोलूं लागलीं. १९९१ सालीं कुटुंब परतलें तेव्हां तेरा वर्षांच्या मुलाला अमेरिकाच परकी वाटावी अशी स्थिति होती. हा मुलगा म्हणजे कोबी ब्रायंट. खेळाच्या जगांत त्याचें नांव बापापेक्षां शतपट मोठें झालें. तथापि पावलांच्या ज्या सफाईबद्दल त्याची वाखाणणी झाली, तिचे धडे त्यानें इटलींतील क्लबांच्या अंगणांत गिरवले होते. आमच्याकडील कित्येक घरांतील मुलें आज दूरदेशीं नोकरीस आहेत आणि त्यांचीं मुलें तेथें वाढत आहेत. त्या घरांतील वडील मंडळींस या हकीकतीचा अर्थ अधिक फोड न करतां कळेल.

आतां तिसरी अवस्था. ‘हौशी’ या शब्दाचा लपंडाव १९८९ सालीं म्यूनिक येथें संपला. आंतरराष्ट्रीय संघटनेनें धंदेवाईकांस आपल्या स्पर्धा खुल्या केल्या आणि आपल्या नांवांतील तो शब्दही वगळला. तोंवर युरोपांत जे पगार घेत होते ते कागदोपत्रीं हौशी, आणि अमेरिकेंतील तेच काम करणारे बाटलेले, असा चमत्कारिक प्रकार चालला होता. दुसरी घटना १५ डिसेंबर १९९५ ची. बोस्मान नांवाच्या बेल्जन फुटबॉलपटूच्या दाव्यांत युरोपीय न्यायालयानें निकाल दिला कीं, खेळाडू हाही कामगारच आहे आणि युरोपीय संघांतील नागरिकांस संख्येची मर्यादा घालून कामापासून अडवितां येणार नाहीं. २००० सालीं लेह्‌टोनेन या फिनलंडच्या बास्केटबॉलपटूच्या दाव्यांत तेंच तत्त्व या खेळास लागू झालें. बेल्जममध्यें मोसमाच्या मध्यें खेळाडू घेण्याची मुदत युरोपीयांस कमी आणि अमेरिकेसारख्या दुसऱ्या विभागांतून येणाऱ्यांस अधिक होती. सबळ कारण नसेल तर असा भेद चालणार नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें.

पगाराच्या प्रश्नास उत्तर मिळावयास आणखी सात वर्षें लागलीं. २००७ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें जिनीव्हा येथें लवादाची सोय केली. एकच लवाद बसतो, काम इंग्रजींत चालतें, आणि अमुक देशाचा कायदा काय म्हणतो याचा काथ्याकूट न करतां न्यायबुद्धीस जें उचित दिसेल त्याप्रमाणें निवाडा होतो. निवाडा न पाळणाऱ्या क्लबास नवे खेळाडू नोंदण्याची मनाई होऊं शकते. करारांत या लवादाचें कलम घातलें नसेल तर मात्र त्याचा उपयोग नाहीं. चषकांच्या यादींत या संस्थेचें नांव कोठें येत नाहीं; पण फिरस्त्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तिची स्थापना कोणत्याही विजयाहून मोठी आहे.

कायद्यानें हक्क दिले तसा पासपोर्टाचा खेळही वाढला. जॉन रॉबर्ट होल्डन हा पिट्सबर्गचा सहा फूट एक इंच उंचीचा, म्हणजे या खेळांत ठेंगणाच, खेळाडू. १९९८ सालीं कॉलेजांतून निघाल्यावर तो रीगा, ओस्टेंड, अथेन्स असा मजल दरमजल करीत २००२ सालीं मॉस्कोला पोहोंचला. पुढच्याच वर्षीं राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानें त्याला रशियाचें नागरिकत्व मिळालें. २००७ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत, माद्रिद येथें स्पेनविरुद्ध, शेवटच्या कांहीं क्षणांत त्यानें टाकलेल्या चेंडूनें रशियानें ६०–५९ असा विजय मिळविला. ज्याला मायदेशच्या लीगमध्यें एकही सामना खेळावयास मिळाला नाहीं, त्यानें परक्या देशास अजिंक्यपद मिळवून दिलें.

स्त्रियांची हकीकत याहून कडक आहे. अमेरिकेंत त्यांची टिकाऊ धंदेवाईक लीग १९९७ सालीं सुरू झाली. तत्पूर्वीं पांच ऑलिंपिकांत खेळलेल्या टेरेसा एडवर्ड्ससारख्या अव्वल खेळाडूसही इटली, जपान, स्पेन, फ्रान्स असें फिरावें लागलें. म्हणजे पुरुषांत जो उरला तो बाहेर गेला, आणि स्त्रियांत जी श्रेष्ठ तीच बाहेर गेली. लीग निघाल्यावरही वेतन अपुरें असल्यामुळें हिंवाळ्यांत परदेशीं खेळण्याचा प्रघात चालूच राहिला. २०१५ सालीं डायना टॉरासीनें मायदेशचा मोसम सोडून विश्रांति घ्यावी म्हणून येकातेरिनबुर्गच्या रशियन संघानें तिला पैसे दिले. न खेळण्याचें हें मोल तिच्या अमेरिकेंतील वेतनाहून अधिक होतें. त्याच संघाची ब्रिटनी ग्राइनर १७ फेब्रुवारी २०२२ रोजीं मॉस्कोच्या विमानतळावर थोड्याशा गांजाच्या अर्कावरून पकडली गेली. आठवड्याच्या आंत युक्रेनवर स्वारी झाली, ऑगस्टमध्यें तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि ८ डिसेंबर रोजीं कैद्यांच्या अदलाबदलींत तिची सुटका झाली. लवाद पगार मिळवून देईल. परंतु दोन सत्तांच्या वैरांत सांपडलेल्या माणसाला खेळाची कोणतीही संस्था सोडवूं शकत नाहीं, हें त्या दहा महिन्यांत दिसलें.

फिरून परत येणारेही असतात. पी. जे. टकर याला टोरोंटोच्या संघानें एका मोसमाच्या आंत सोडलें. त्यानंतर २००७ पासून पांच वर्षें तो इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली आणि जर्मनी येथें खेळला. २००८ सालीं होलोनच्या संघाकडून त्यानें मकाबीची इस्रायलांतील मक्तेदारी मोडली आणि २०१२ सालीं बामबेर्गबरोबर जर्मनीचें अजिंक्यपद मिळविलें. मग फीनिक्सनें त्याला परत बोलाविलें, आणि २०२१ सालीं मिलवॉकीच्या विजयी संघांत तो होता. ही कथा सांगावयास गोड आहे. पण तिच्यावरून ‘धीर धरा, फळ मिळेल’ असा बोध काढणें बरोबर होणार नाहीं. टकरसारखा एक परततो तेव्हां त्याच्याच मागें शेंकडों जण तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षीं, गुडघे झिजवून, दहा गांवांचे पत्ते आणि दोन-तीन भाषांतले तुटक शब्द घेऊन घरीं येतात आणि दुसऱ्या धंद्याच्या शोधास लागतात.

त्यांचें जीवित निष्फळ झालें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें अर्जेंटिना आणि इटली यांनीं अनुक्रमें पहिला व दुसरा क्रमांक मिळविला आणि अमेरिका तिसरी आली, तेव्हां जगास आश्चर्य वाटलें. चाळीस वर्षें जे सराव करून घेत होते, ज्यांच्याशीं रोज झुंजून देशी मुलें तयार झालीं, त्या फिरस्त्यांस त्याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नव्हतें. ज्ञान पसरतें तें पुष्कळदां अशाच माणसांच्या हातून, आणि त्याचें श्रेय मात्र दुसऱ्यांच्या पदरीं पडतें. म्हणून परक्या मुलखांतून आलेल्या गुणी माणसाला आपण काय देतों, याचा हिशेब टाळ्यांवरून करूं नये. ठरलेल्या दिवशीं ठरलेला पगार, दुखण्यांत औषधपाणी, मुलांना शाळा आणि तंटा पडल्यास दाद, एवढें ज्या देशांत त्याला मिळतें त्या देशानें त्याचा खरा मान राखला असें समजावें. दहा फुटांवरची टोपली सर्वांस सारखीच असते. तिच्याखालीं उभ्या असलेल्या माणसाला सारखें मानणें हें मात्र ज्या त्या समाजाच्या हातीं आहे.